पम्पासच्या नावाखाली नदीकाठचे गवत

नाशिकमधील आमच्या घराच्या पश्चिमेकडील कुंपणालगत ३६ फूट लांबीची पट्टी मोकळी होती. तेथे उंच, तुरेदार गवत लावले तर भिंत झाकली जाईल आणि मावळतीचे ऊन तुऱ्यांतून झिरपताना व्हरांड्यातून दिसेल, अशी आमची कल्पना होती. कल्पनेत चूक नव्हती. चूक माणूस निवडण्यात झाली.

बागेचे काम घेणाऱ्या ठेकेदाराने मोबाईलवर पम्पास गवताची छायाचित्रे दाखवली आणि नगाला ३५० रुपये या दराने २४ नग लागतील असे सांगितले. पम्पास मूळचे दक्षिण अमेरिकेतले असून त्याचा एकेक ठोंब पाच-सहा फूट पसरतो, म्हणजे आमच्या पट्टीला सहा-सात रोपे पुरली असती. हा साधा हिशेब मी तेव्हा केला नाही आणि ‘दाट लावले की लवकर भरते’ हे त्याचे म्हणणे मान्य करून ८,४०० रुपयांपैकी ६,००० आगाऊ दिले.

मार्चमध्ये माल आला तो गोणपाटात, पाने वीतभर ठेवून छाटलेला. रोपवाटिकेतले रोप पिशवीत वाढलेले असते, त्यामुळे त्याच्या मुळांचा गोळा पिशवीच्या आकाराचा निघतो. येथे मात्र मुळांबरोबर पांढरट, पेरे असलेली आडवी खोडे तुटून लोंबत होती. मी विचारलेही. ‘परदेशी जात आहे साहेब, अशीच येते,’ असे उत्तर मिळाले. पावतीवर ‘शोभेचे गवत, २४ नग’ एवढेच होते. जातीचे नाव मी लिहून घेतले नाही.

पावसाळ्यात गवत झपाट्याने वाढले. शेजाऱ्यांनी कौतुक केले आणि त्यांतल्या एकाने ठेकेदाराचा क्रमांकही मागून घेतला, तो मी दिला याची आज लाज वाटते. सप्टेंबरअखेर तुरे आले, पण ते पम्पाससारखे रुंद आणि भरगच्च नसून बारीक, रेशमी होते. त्याच आठवड्यात गोदावरीच्या काठाने जाताना अगदी तेच तुरे पाण्याकडेला शेकड्याने डोलताना दिसले. घरी येऊन पान पाहिले, तर अरुंद पात्याच्या मधोमध ठसठशीत पांढरी शीर होती. ते काश गवत होते, बहुधा नदीकाठावरूनच फुकट उपटून आणलेले.

काश गवत देखणे असते, यात वाद नाही. परंतु पम्पास आपल्या ठोंबातच राहते, तर काश जमिनीखालच्या खोडांनी चालत जाते. दिवाळीपर्यंत पायवाटेच्या फरशांच्या सांध्यांतून आणि गुलाबाच्या वाफ्यातून त्याचे कोंब वर आले. उपटताना खोडाचे एखादे पेर मागे राहिले तरी त्यातून नवा कोंब फुटतो, त्यामुळे पट्टी दोन फूट खणून माती चाळून घ्यावी लागली आणि ती मजुरी गवताच्या किमतीहून अधिक झाली. ठेकेदाराने आधी हवामानाला दोष दिला, नंतर फोन उचलणे बंद केले.

यंदा त्या पट्टीत मागे वाळा लावला आहे, कारण त्याची मुळे आडवी न धावता सरळ खाली जातात; पुढे जांभळ्या पानांचे फाउंटन ग्रास तीन-तीनच्या गटांत आहे. रोपे तुऱ्यावर असतानाच घेतली, पिशवीतून बाहेर काढून मुळे पाहिली आणि बिलावर शास्त्रीय नाव लिहून घेतले. तरीही परवा फरशीच्या फटीतून काशाचा एक कोंब निघालाच.