कारवान कुत्रीसाठी नर ठरवताना: पिल्लं पाच महिन्यांची झाल्यावरचा अनुभव

आमची बिजली कारवान या शिकारी जातीची. जोडीच्या वेळी वय साडेतीन, रंग बदामी, आणि केनेल क्लब ऑफ इंडियाची म्हणजे केसीआयची नोंद असलेली. तिचं एक वेत घ्यायचं, पण रीतसर, असं घरात ठरलं आणि गेल्या वर्षी नर शोधायला सुरुवात केली. आता पिल्लं पाच महिन्यांची झालीत. मधल्या काळात ओळखीच्या-बिनओळखीच्या बऱ्याच जणांनी फोन करून "नर कुठला लावला, किती घेतले?" एवढंच विचारलं. फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी निकाल. नर चांगला निघाला. नराच्या मालकाशी झालेला लेखी करार त्याहून जास्त कामाला आला. आणि खर्चापैकी सगळ्यात वसूल झाले ते जोडीचा दिवस ठरवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या तपासणीचे पैसे. नाव ठेवायला जागा आहे ती पिल्लांच्या बुजरेपणाला, त्याबद्दल शेवटी.

सोलापूर, जत, लातूर, धाराशिव आणि पलीकडे विजापूर-बागलकोट या पट्ट्यात कारवान कुत्र्यांना तोटा नाही. तोटा आहे तो कागदांचा. वाडीवस्तीवर असे देखणे नर दिसतात की बघत राहावं, पण नोंद विचारली की मालक हसतो. पिल्लांची केसीआयकडे नोंद करायची तर आई-बाप दोघांचीही तिथलीच नोंद लागते. त्यात आणखी एक गोंधळ. याच कुत्र्याला मुधोळ हाउंड म्हणून नोंदवणारी दुसरी संस्था आहे, आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनेही 2020 मध्ये मुधोळ हाउंड याच नावाने ही देशी जात नोंदवली. केसीआयच्या वहीत मात्र ती कारवान हाउंड. त्यामुळे "कागद आहेत" असं कुणी म्हणालं की कुणाचे कागद, हे पहिल्याच फोनवर विचारून घ्यावं. पेट्रोल वाचतं.

दुसरी भानगड ग्रेहाउंडच्या, म्हणजे शर्यतीच्या विलायती कुत्र्याच्या रक्ताची. आमच्याकडे कुत्र्यांच्या शर्यती लागतात आणि वेग वाढावा म्हणून लोक ग्रेहाउंड मिसळतात. मग तीच पिल्लं "प्युअर कारवान" म्हणून फिरतात. एका नराचे कान पाहूनच आम्ही गाडी वळवली. कारवानचे कान डोक्याला चिकटून खाली पडलेले असतात. याचे मागे दुमडलेले, गुलाबाच्या पाकळीसारखे. मालक म्हणाला, "वाऱ्यानं तसं दिसतंय." वारा नव्हता. अर्थात कानांवरून सगळं कळत नाही. शक्य असेल तिथे नराची आई आणि एखादं भावंड बघायला मागावं. जो दाखवायला टाळाटाळ करतो त्याच्याकडे चहा पिऊन निघावं.

शेवटी जत तालुक्यातला सर्जा मिळाला. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. सर्जा चार वर्षांचा, काळा, छाती खोल, पोट वर खेचलेलं, कात्रीसारखे जुळणारे दात, दोन्ही वृषणं खाली उतरलेली. हे शेवटचं मुद्दाम तपासून घ्या. एकच वृषण उतरलेला नर जोडीला लावू नये, तो दोष पुढच्या पिढीत जातो. तीन पिढ्यांचा तक्ता बिजलीच्या तक्त्याशेजारी ठेवून पाहिला, सामाईक आजा-पणजा कुणी नव्हता. या पट्ट्यात ही साधी गोष्ट नाही, कारण एखादा नर नावाजला की पंचक्रोशीतल्या निम्म्या कुत्र्या त्याच्याकडेच जातात.

आता ब्रुसेला. ब्रुसेला कॅनिस हा जंतू जोडी लागताना पसरतो. नर वरून ठणठणीत दिसतो, मादीचा गर्भ मात्र दिवस भरत आल्यावर पडतो, आणि माणसालाही लागण होऊ शकते. खात्रीचा उपचार नाही. म्हणून दोघांचीही रक्ततपासणी आधी हवी. अण्णांच्या आधी एका दुसऱ्या मालकाशी बोलणी जवळपास पक्की झाली होती. त्याच्याकडे ही तपासणी मागितली तर तो उखडलाच: "माझ्या कुत्र्यावर संशय घेता का?" तिथेच विषय संपवला. अण्णांनी एकच अट घातली, की बिजलीचाही रिपोर्ट त्यांना दाखवायचा आणि दोन्हीचे पैसे आम्ही द्यायचे. मान्य. उलट मादीचा रिपोर्ट स्वतःहून मागणारा मालक भेटला याचंच बरं वाटलं.

आणि मग सुरू झाला अकराव्या दिवसाचा वाद.

रक्त दिसल्यापासून अकराव्या दिवशी मादी आणायची, तेराव्याला परत, हा सगळीकडचा रिवाज. अण्णांचाही. "ताई, आमची कुत्री काय रिपोर्ट बघून लागत न्हाईत. अकराव्याला आणा, बाकीचं मी बघतो." त्यांच्या अनुभवाला मी नाव ठेवत नाही. पण कुणी मादी नवव्या दिवशी तयार होते, कुणी अठराव्या. आणि मादी नरासमोर उभी राहिली म्हणजे बीज पक्व झालंच असंही नाही. आमच्या डॉक्टरांनी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन मोजत राहायला सांगितलं. सुरुवातीला ते मिलिलिटरला 1 नॅनोग्रॅमच्या खाली असतं, 2 च्या आसपास गेलं की घोडामैदान जवळ आलं समजायचं, आणि 5 च्या पुढे गेलं की बीज सुटलं. कुत्रीचं बीज सुटल्या सुटल्या कामाचं नसतं, पक्व व्हायला आणखी दोन दिवस घेतं. म्हणून 5 गाठल्यावर दोन दिवसांनी पहिली जोडी आणि त्यानंतर अठ्ठेचाळीस तासांनी दुसरी.

ही तपासणी माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते, कारण हार्मोन तेच. डॉक्टरांनी रक्त काढून दिलं की आपण नेऊन द्यायचं. लॅबमधल्या मुलीने पेशंटचं नाव विचारलं, "बिजली" सांगितल्यावर आडनाव विचारलं, मग वय. साडेतीन वर्षं ऐकून तिने संगणकावरून मान वर केली. रिपोर्टवर शेजारी बायकांचे आकडे छापून येतात, गरोदरपणाचे तीन टप्पे वगैरे. तिकडे बघायचंच नाही, फक्त आपला आकडा बघायचा. एक बारीक गोष्ट: रक्त साध्या लाल टोपणाच्या नळीत द्या. जेल असलेल्या नळीत आकडा कमी येऊ शकतो, आणि इथे एकदोन नॅनोग्रॅमवर सगळं अवलंबून. शिवाय प्रत्येक वेळी तीच लॅब. दर तपासणीला हजाराच्या आत खर्च आला.

अकराव्या दिवशी बिजलीचा आकडा होता 1.4. त्या दिवशी जतला गेलो असतो तर अडीच-तीन तासांचा रस्ता, अण्णांचा पाहुणचार, बिजलीचं गुरगुरणं आणि रिकाम्या हाताने परत. आकडा 5.8 झाल्यावर दोन दिवसांनी मंगळवेढ्यावरून जतची वाट धरली. अंगणात सोडल्यावर तिने सर्जाला पहिल्यांदा एक चक्कर मारायला लावली, मग थांबली आणि शेपूट बाजूला केली. गाठ पडली, म्हणजे दोघं एकमेकांत अडकली, ती वीस-पंचवीस मिनिटं. या वेळात दोघांनाही नुसतं धरून ठेवायचं, ओढायचं नाही, पाणी मारायचं नाही, पोरांना लांब ठेवायचं. नर पाय पलीकडे टाकून उलट तोंड करतो, ते नैसर्गिकच. अण्णा सर्जाच्या कानाशी काहीतरी पुटपुटत उकिडवे बसले होते. आपला मुद्दा हरला याचं त्यांना काही वाटलं नाही. दुसऱ्या जोडीच्या वेळी त्यांनीच लॅबचा पत्ता लिहून घेतला.

जोडी झाली म्हणजे धोका संपला नाही. मादी पुढेही काही दिवस माजावर असते आणि एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात. आमच्या गल्लीतले भटके महाराज दोन वेळा कंपाउंडवर चढून बघून गेले. माज पूर्ण उतरेपर्यंत बिजली साखळीशिवाय फाटकाबाहेर पडली नाही, गच्चीवरही एकटी सोडली नाही.

आता करार. साध्या फुलस्केप कागदावर, दोघांच्या सह्या, बस. रोख फी की पिल्लू, हा मूळ प्रश्न. आमच्याकडची जुनी पद्धत "एक पिल्लू नरवाल्याचं" अशी. माझं मत रोखीच्या बाजूने आहे. पैसे दिले, विषय मिटला. अण्णांना मात्र पिल्लूच हवं होतं. मग असं लिहिलं: पहिली मादी आम्ही ठेवणार, उरलेल्यांतून अण्णा निवडणार, निवड सातव्या आठवड्यात, पिल्लू न्यायचं आठ आठवडे भरल्यावर, दोनपेक्षा कमी पिल्लं जगली तर पिल्लू नाही, त्याऐवजी ठरलेली रक्कम, बिजली गाभण राहिली नाही तर पुढच्या माजाला सर्जा विनामूल्य. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं कलम: केसीआयच्या फॉर्मवर नराच्या मालकाची सही जोडीच्याच दिवशी, पिल्लू दिल्यावर नाही. ही सही अडवून जास्तीचं पिल्लू मागितल्याच्या गोष्टी मी कमी ऐकलेल्या नाहीत.

कराराची कसोटी लवकरच लागली. पिल्लं जेमतेम तीन आठवड्यांची असताना अण्णांचे भाचे गाडी घेऊन दारात. मामांनी काळा नर सांगितलाय, आज घेऊन जातो. आईच्या दुधावरची पिल्लं. मी कागद आणून समोर ठेवला. भाच्यांनी तो दोनदा वाचला, मामांना फोन लावला, पोहे खाल्ले आणि गेले. तोंडी बोलणं असतं तर त्या दिवशी एकतर पिल्लू गेलं असतं नाहीतर संबंध.

आठ आठवड्यांचा आग्रह आमचा एकट्याचा नाही. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल केंद्राचे 2017 चे नियम आहेत, त्यात आठ आठवड्यांआधी पिल्लू विकायचं नाही, मादी किमान अठरा महिन्यांची हवी, लागोपाठच्या दोन माजांना जोडी लावायची नाही आणि आयुष्यात पाचांहून जास्त वेतं घ्यायची नाहीत असं लिहिलंय. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणीही करायची असते. किती जण करतात, हा वेगळा विषय.

गाभणपणात विशेष काही घडलं नाही, म्हणून थोडक्यात. महिन्याने सोनोग्राफी, पंचावन्न दिवसांनंतर एक्स-रे काढून पिल्लं मोजली, सहा. बीज सुटल्यापासून त्रेसष्ट दिवसांचा हिशेब धरतात. नेमका दिवस रिपोर्टमुळे माहीत होता, त्यामुळे डॉक्टर गावात असतील याची आधीच व्यवस्था झाली. अंगाचं तापमान 37 अंशांच्या खाली उतरलं आणि त्याच रात्री बिजली व्याली. शेजाऱ्यांनी कॅल्शियम सुचवलं होतं, डॉक्टरांनी गाभणपणात बंदी केली. सिझेरियनची वेळ आली असती तर भूल कोणती द्यायची हेही आधी बोलून ठेवलं होतं, कारण अंगावर चरबी नसलेल्या या शिकारी कुत्र्यांना काही भुलीतून उठायला फार वेळ लागतो.

आता उणी बाजू. सर्जा आपल्या अंगणात सिंह, पण जतच्या दवाखान्यात टेबलाखाली जाऊन बसला होता. ते आम्ही बघितलं होतं. बांधा, दात, कागद, तपासण्या सगळं जुळत असल्यामुळे तेवढं चालवून घेतलं. त्याची किंमत आज दिसते. सहांपैकी तीन पिल्लं परक्या माणसाचा हात लागला की अंग चोरतात. कारवान जात मुळात लगट करणारी नाहीच, पण बिजली एवढी बुजरी कधीच नव्हती. रोज नवी माणसं, स्कूटरचा आवाज, बाजाराच्या कडेने फेरी, हे सगळं चालू आहे आणि फरकही पडतोय. शहरात फ्लॅटमध्ये गेलेल्या एका पिल्लाला मात्र अजून लिफ्ट सोसत नाही, तिथे मालकांचे हाल होतात.

पिल्लांसाठी आलेल्या फोनांपैकी बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न "ससा धरतो का?" असा होता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, एवढं सांगून फोन ठेवायचे. काही जण "शेतातला ससा कसला वन्यजीव" म्हणून वाद घालायचे. त्यांना पिल्लू मिळालं नाही.

अण्णा आता पुन्हा तीच जोडी लावू म्हणतायत, या वेळी रोख फी चालेल असंही म्हणाले. मी नाही सांगितलं. बिजलीचं नसबंदीचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. ठेवलेली मादी मोठी झाल्यावर तिच्यासाठी नर बघायचाच झाला, तर तो आधी सोलापूरच्या भर बाजारात चालवून बघणार, कागद आणि दात त्यानंतर.