पांढऱ्या पुडीतलं औषध

‘मिरगी मुळासकट बरी, गोळ्या कायमच्या बंद’ असं पत्रक सकाळच्या पेपरातून घरी येतं. त्यावर लॉजचं नाव, खोली नंबर आणि महिन्यातला कुठला रविवार एवढंच असतं. वैद्याचा नोंदणी क्रमांक शोधूनही सापडत नाही. मुळात ही जाहिरातच बेकायदा आहे. औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954 सालचा, आणि त्यातल्या आजारांच्या यादीत अपस्मार, म्हणजेच मिरगी, आहे.

अशा पत्रकावरून नववीतल्या एका मुलाला लॉजवर नेलं गेलं. सोडियम व्हॅल्प्रोएट या आकडीच्या औषधाची 300 मिलीग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा चालू होती. दोन-तीन महिन्यांतून एखादी आकडी यायची, त्या एखाद्या आकडीनेच घात केला. पुड्या दोन मिळाल्या. एक तपकिरी चूर्णाची, ओव्याच्या वासाची. दुसरी पांढरी, बिनवासाची, चिमूटभर, रात्री मधातून घ्यायची. मध कडवटपणा झाकायला. खरं काम पांढरी पुडी करते, तपकिरी नुसती शोभेला.

पहिल्या आठवड्यात मुलगा वर्गात झोपायला लागला. ‘इंग्रजी गोळ्यांचं विष निघतंय, त्या बंद करा,’ असं वैद्याकडून उत्तर मिळालं. पुडीत फेनोबार्बिटोन हे गुंगी आणणारं औषध होतं, आणि व्हॅल्प्रोएट त्याचा शरीरातून निचरा होऊ देत नाही, त्यामुळे त्याची पातळी चढत जाते. गोळ्या बंद केल्यावर मुलगा जरा ताजातवाना झाला, आकड्याही थांबल्या. घरच्यांना पटायला आणखी काय लागतं? फेनोबार्बिटोन हे आकडीचं जुनं, स्वस्त औषध आहे, थांबणारच. पण ते वजनावर मोजून देतात, चिमटीने नाही.

आठ महिन्यांनी पुड्यांचं कुरिअर चुकलं. हे औषध रक्तातून सावकाश उतरतं, म्हणून पहिले दिवस काहीच झालं नाही. पाचव्या दिवशी आकडीला आकडी लागली, मधे शुद्ध येईना. पाच मिनिटांपुढे गेलेली आकडी म्हणजे थेट दवाखाना. तिथे तपासणीत डॉक्टरांनी कधीच न लिहिलेलं फेनोबार्बिटोन रक्तात सापडलं.

पुडी चालू असेल तर घाबरून एकदम बंद करू नका, नाहीतर वरचाच प्रकार घडेल. उरलेल्या पुड्या घेऊन मेंदूविकारतज्ज्ञाकडे जा आणि ‘रक्तातली फेनोबार्बिटोनची पातळी’ तपासायला सांगा. उपचारात ती साधारण 15 ते 40 मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर ठेवतात. ज्याला हे औषध कुणी लिहूनच दिलं नाही त्याच्या रक्तात ते दिसायलाच नको. अपवाद प्रिमिडोन या आकडीच्या औषधाचा, त्याचं शरीरातच फेनोबार्बिटोन होतं. पुढे मात्रा कशी उतरवायची ते डॉक्टर ठरवतील. त्याला आठवडे, कधी महिने लागतात.

दम्याच्या पुडीतही हाच खेळ, फक्त आत स्टेरॉइड. दोन दिवसांत श्वास मोकळा, भूक सपाटून, महिन्या-दोन महिन्यांत चेहरा गोल आणि साखर वर. ‘पंपाची सवय लागते’ म्हणणारेच हे देतात. ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडच्या पंपातून एका वेळी 200 मायक्रोग्रॅम, तेही थेट फुप्फुसात जातं. पोटातून घेतलेला स्टेरॉइड मिलीग्रॅममध्ये असतो, सगळ्या अंगात भिनतो. तीन आठवड्यांहून जास्त घेतला की शरीर स्वतःचा स्टेरॉइड बनवायचं सोडतं, त्यामुळे अचानक थांबवला तर उलट्या, गळाठा, रक्तदाब खाली. सकाळी आठच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचा स्वतःचा स्टेरॉइड, तपासा, पण पुडीची गोष्ट डॉक्टरांना आधी सांगा.

अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करायची तर न फोडलेल्या पुड्या, कुरिअरचं पाकीट आणि पैसे पाठवल्याची नोंद जपून ठेवा. बॅच नंबर आणि परवाना क्रमांक पाकिटावर नसतील तर त्याचाही फोटो काढा.