बनियनच्या कापडाचे विलायती हातमोजे

ज्यांना फक्त ऊन अडवायचंय त्यांनी पुढे वाचायचे कष्ट घेऊ नयेत. साठ-सत्तर रुपयांत कातडीच्या रंगाचे, कोपरापर्यंत येणारे स्कूटरवरचे हातमोजे कुठल्याही बाजारात टांगलेले असतात. ते घ्या नि मोकळ्या व्हा. मी सात वर्षं तेच घातले. वेंगुर्ल्याहून शिरोड्याला शाळेत, जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. ऊन अडतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण लांबून बघणाऱ्याला वाटतं हाताला प्लॅस्टर घातलंय. तिसऱ्या धुण्याला अंगठ्याची शिवण उसवते, वरचं इलॅस्टिक राम म्हणतं आणि मोचेमाडची चढण येईपर्यंत सगळा मोजा मनगटावर गोळा होऊन बसतो.

तरीही चाललं असतं. पण माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं सावंतवाडीच्या चर्चमध्ये लग्न झालं आणि तिच्या हातात मी पांढरे सॅटिनचे लांब हातमोजे पाहिले. वर्गात नखं कुरतडते म्हणून जिला मी चार वर्षं ओरडले, तीच मुलगी हात कसे एकावर एक ठेवून उभी होती! बावन्नाव्या वर्षी बाईला काय सुचलं म्हणून हसायचं तर हसा. मला तसले हातमोजे हवेसे वाटले. लग्नातले नव्हेत. जुन्या काळातल्या बायका दिवसाउजेडी घालायच्या तसले, मनगटाशी एक बटण असलेले, बोटांना बोटासारखे बसणारे.

पहिली जोडी ऑनलाइन मागवली. ‘विंटेज लेडीज ग्लोव्हज’ असं लिहिलेलं, 349 रुपये. आली ती जाळी. फोटोत बाईचे हात मेणाच्या बाहुलीसारखे दिसत होते, माझे दिसायला लागले जाळ्यात अडकलेल्या खेकड्यासारखे. चारही बोटं सारख्याच लांबीची, म्हणजे करंगळीच्या टोकाला अर्धा इंच रिकामी पिशवी आणि मधलं बोट मात्र जेमतेम आत. मापाच्या जागी लिहिलं होतं ‘फ्री साइज’. हे शब्द दिसले की पान बंद करायचं, हा धडा मला 349 रुपयांना पडला.

गोव्यात म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला गेले तेव्हा लग्नाच्या कपड्यांच्या एका दुकानात डोकावले. ख्रिस्ती लग्नांमुळे तिकडे हातमोजे ही रोजची वस्तू आहे, मागितल्यावर कोणी तोंडाकडे बघत बसत नाही. दुकानातल्या बाईंनी काउंटरवर ढीग ओतला. कोपरापर्यंतचे, कोपराच्या वर जाणारे, बिनबोटांचे (मधल्या बोटात नुसती दोऱ्याची अंगठी अडकवायची), मोत्यांचे, टिकल्यांचे. बिनबोटांचेच जास्त खपतात म्हणाल्या, कारण चर्चमध्ये अंगठी घालायच्या वेळी मोजा ओढत बसावं लागत नाही. मी दंडापर्यंतची एक सॅटिनची जोडी 450 ला घेतली. शिवण सुबक, बोटांची टोकं गोल, पैसे वसूल. पण लग्नाची वस्तू लग्नातच शोभते. घरी येऊन स्कूटरची मूठ धरून पाहिली तर हात सुळकन फिरला. सॅटिन घालून गाडी अजिबात चालवू नये. ब्रेकवरचं बोट कधी घसरेल ते कळणार नाही.

एवढ्या लांब हातमोज्यांचं माप बटणांत सांगतात, हे मला त्याच दुकानात कळलं. नंतर वाचलं तर गंमत वाटली. सोळा बटणी हातमोज्याला सोळा बटणं नसतात. अंगठ्याच्या मुळापासून वर मोजत जायचं, एक बटण म्हणजे साधारण एक इंच. बटणं खरी असतात ती मनगटापाशी दोन-तीन. जेवायच्या वेळी ती सोडायची, त्या फटीतून हात बाहेर काढायचा आणि मोज्याचा मोकळा झालेला पंजा मनगटाशी आत खोचायचा. दंडावरचा मोजा जिथल्या तिथे. विलायती बायकांनी जेवणाची सोय आधी पाहिली होती तर!

खरे डोळे उघडले ते तिसऱ्या जोडीने. आमच्या शाळेतल्या एका बाईंची मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिने तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून माझ्यासाठी एक जोडी आणली. सुती, साईच्या रंगाची, मनगटाच्या थोडी वर जाणारी, आत शिक्का 6½. हातात घेतली आणि मी चष्मा लावून खिडकीशी जाऊन बसले. बोटांच्या मधे, जिथे आपल्या बाजारातल्या मोज्यांत पुढचा नि मागचा तुकडा सरळ एकमेकांना शिवलेला असतो, तिथे इथे वेगळी अरुंद पट्टी होती. तिला म्हणतात फुर्शेत, म्हणजे फ्रेंचमध्ये काटा, जेवणाचा. तीन फटींत तीन पट्ट्या. बोट चपटं नसतं, त्याला बाजूही असते, एवढं साधं शहाणपण त्या पट्टीत आहे. ती पट्टी आहे म्हणून मोजा बोटासारखा दिसतो, ती नसली की कणीक मळायच्या हातासारखा. अंगठा वेगळा कापून बसवलेला. पाठीवर तीन उभ्या उठावदार शिवणी, दिसायला नक्षी, पण हात त्यामुळे निमुळता वाटतो.

आणि ती जोडी मला होईना. अंगठा सोडून बोटांच्या मुळाशी, हात सर्वांत रुंद असतो तिथे टेप गुंडाळायची, ते हातमोज्याचं माप. माझं सव्वासात इंच भरलं. पण हातमोज्यांचा जुना इंच फ्रेंच, सुमारे 27 मिलिमीटरचा, आपल्यापेक्षा अंगाने थोडा थोर. म्हणजे मला हवा सात नंबर. साडेसहा हातात गेला, मूठ वळली, बटण मात्र लागलं नाही. ही मापं मुळात बसवली ग्रनोबलच्या झाव्हिए जुव्हँ नावाच्या माणसाने. 1834 साली त्याने हातमोजे मापानुसार कापायची पद्धत काढून तिचं पेटंट घेतलं. पावणेदोनशे वर्षं होऊन गेली, आणि आपण अजून ‘फ्री साइज’वर.

मग डोक्यात आलं की कातड्याचे करून घ्यावेत. येता-जाता वाटेत आरवली लागते. तिथल्या देवाला, वेतोबाला, नवसाच्या चपला वाहतात, माणसाच्या पायाला कधी होणार नाहीत एवढ्या मोठ्या. देव रात्री गावात फिरतो आणि चपला झिजतात अशी श्रद्धा. त्या चपला बघता बघता मला वाटलं, एवढं काम ज्या हातांना येतं त्यांना मोजा काय अवघड. आमच्या भागातल्या एका चांभारकाकांना विचारलं. त्यांनी इंग्लंडचा मोजा उलटा करून पाहिला, दोन बोटांत चुरगाळला नि परत दिला. “बाईनु, माझ्या चामड्याचो मोजो घातलास तर हात मिटाचो नाय.” खरंच आहे. हातमोज्याला लागतं करडाचं नाहीतर कोकराचं पातळ कातडं. शिवाय आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या पट्ट्यांना, पर्सना हिरवा बुरा चढतो. तिथे असलं नाजूक कातडं टिकवणार कोण? ते तिथेच सोडलं.

उरले आमचे शिरोड्याच्या बाजारातले शिंपी, वीस वर्षं माझे ब्लाऊज शिवणारे. परीक्षण खरं तर त्यांचंच लिहायला बसले होते, इतका वेळ वाट वाकडी केली.

इंग्लंडची जोडी पुढ्यात ठेवली तेव्हा ते आधी म्हणाले, “ह्या माका जमाचा नाय.” दोन दिवसांनी त्यांचाच फोन, मोजा घेऊन या. पहिला नमुना पांढऱ्या पॉपलीनचा केला, उरेब, म्हणजे तिरपं कापून. तो माझ्या हातात बोटांच्या सांध्यापर्यंत गेला आणि तिथेच अडला. पॉपलीन उरेब कापलं तरी द्यायचं तेवढंच देतं. मग त्यांनीच सुचवलं, “जेंट्स बनियान घेवन येवा, नवो, मोठ्या मापाचो.” मी दोन आणले. घरी नवरा म्हणाला, एवढी माया कशाला. सांगितलं, तुझे नाहीत.

बनियनचा पहिला मोजा हातात सुरेख गेला. शिरोड्याहून वेंगुर्ल्याला पोचेपर्यंत बोटं पाऊण इंच वाढली. कापड ताणतं त्या दिशेला बोटं कापली गेली होती. ताण हाताच्या रुंदीला हवा, बोटाच्या लांबीला नको. गंमत म्हणजे कातड्याचे हातमोजे करणारेही हेच करतात. कापण्याआधी ओलसर कातडं लांबीला ओढून ओढून त्याची ती ताणायची ताकद संपवतात आणि रुंदीची राखून ठेवतात. आमच्या शिंप्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी वाढलेली बोटं पाहिली, कापड दोन्ही बाजूंनी ओढून बघितलं आणि “माझीच चूक” म्हणून दुसरा बनियन कापायला घेतला. त्या कापाचे पैसे घेतले नाहीत.

पट्ट्या मात्र मशीनवर होईनात. बोटांच्या फटीत सुई वळवायला जागाच नाही, टीप कडेवरून घसरते. ते काम शिंप्यांच्या घरच्या वहिनींनी हाती घेतलं. त्या साड्यांना फॉल लावतात. फॉलचा टाका वरून दिसला तर गिऱ्हाईक साडी परत आणून टाकतं, तेव्हा त्यांचा हात कसा असेल ते ओळखा. तीन संध्याकाळी बसून त्यांनी सहा पट्ट्या बसवल्या. इंग्लंडच्या मोज्याच्या शिवणी भिंगाखाली जास्त सारख्या असतील, पण हातात घातल्यावर मला फरक सांगता येणार नाही. पाठीवरच्या तीन शिवणी दाब टाक्याने घातल्यात. मनगटाला ब्लाऊजचं शिंपल्याचं बटण. लांबी अंगठ्याच्या मुळापासून चार इंच, म्हणजे जुन्या भाषेत चार बटणी. वर सनकोटाची बाही येते, मधे कातडी उघडी राहत नाही. शिलाई 200, हातशिलाईचे 150, बनियन माझे.

पाच महिने वापरतेय. उन्हाचा काळा पट्टा आता कोपराकडे नाही, हातावरही नाही. घाम येतो, तो येणारच, मेमध्ये बिनमोज्यानेही येतो. सुती असल्याने निदान चिकटत नाही. मुठीच्या रबराने उजवा तळवा काळपट पडला तो कशानेच निघत नाही, म्हणून पुढची जोडी पांढरी नको, कॉफीच्या रंगाची सांगितलीय. मोबाइलवर बोट चालत नाही. पेट्रोल भरताना पैसे द्यायला दर वेळी उजवा मोजा काढावा लागतो आणि तो बाई काढतेय की नवरी काढतेय असं बघणारी पोरं पंपावर असतात. मासे घ्यायच्या आधी दोन्ही काढा. बांगड्याचा वास सुताला लागला की दोन धुण्यांत जात नाही. मला हे मासळीवालीने आधी सांगायला हवं होतं, पण ती वेगळ्याच काळजीत होती. “काय गो बाय, हात भाजलो की काय?” हे तिने सलग चार दिवस विचारलं. पाचव्या दिवशी एक मोजा मागून घेऊन स्वतःच्या हातात घालून पाहिला.

धुवायची जुनी रीत फार सोयीची आहे. मोजे हातात घालूनच रिठ्याच्या पाण्यात हात धुतल्यासारखे चोळायचे, मग टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे, प्रत्येक बोटात फुंकर मारून सावलीत आडवे ठेवायचे. टांगले की पाण्याच्या वजनाने बोटं लांबतात. स्टार्च करू नका, कितीही मोह झाला तरी. खळ लावलेल्या सुतावर पावसाळ्यात काळे ठिपके पहिले उठतात. माझ्या एका जोडीचा डावा अंगठा असाच गेला. आता धुतलेली जोडी पंख्याखाली पूर्ण सुकवून मगच डब्यात ठेवते.

शिंप्यांबद्दल तक्रार एकच. आठ दिवस म्हणाले की बावीस धरा. माप द्यायला उजवा हात पुढे करा, तोच बहुतेकींचा थोडा मोठा असतो आणि लहान शिवला तर दोष कुणाला देणार. तुमच्याकडे नमुन्याची जोडी नसेल तर माझी साडेसहाची त्यांच्याकडेच ठेवलीय, उसवू नका म्हणून बजावून. आणि गणपतीच्या आधी महिनाभर तिकडे फिरकू नका. तेव्हा ते माझा ब्लाऊजसुद्धा घेत नाहीत.