कर्ज टाळले, पण ‘अनुदाना’ने फसवले

परदेशातील मूल दत्तक घ्यायचे, मात्र त्यासाठी कर्ज काढायचे नाही, असे आम्ही पतिपत्नींनी प्रार्थनापूर्वक ठरवले होते. ऋणको हा धनकोचा दास होतो, ही बायबलमधील नीतिसूत्रांतील (22:7) शिकवण आम्ही दोघांनीही लहानपणापासून ऐकलेली आहे, आणि घरात येणाऱ्या लेकराची पहिली वर्षे हप्त्यांच्या काळजीत जाऊ नयेत, एवढीच आमची इच्छा होती. त्यासाठी आम्ही 4 वर्षे बचत केली, गाडी विकली, यजमानांनी सुटीच्या दिवशी शिकवण्या घेतल्या, आणि आमच्या चर्चच्या मंडळीतील काही कुटुंबांनी परतफेडीची अपेक्षा न ठेवता आपणहून हातभार लावला. हा निश्चय चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही. मात्र याच निश्चयाचा आधार घेऊन एका माणसाने आम्हाला फसवले. ते कसे घडले हे दत्तकासाठी पैसे जमवणाऱ्या इतर कुटुंबांना वेळीच कळावे, म्हणून हे लिहीत आहे.

हा माणूस आमच्या परिचयातील एका कुटुंबामार्फत भेटला. आपणही दोन मुले दत्तक घेतली आहेत असे तो सांगे, मला ‘ताई’ म्हणे आणि प्रत्येक फोनच्या शेवटी आमच्याबरोबर प्रार्थना करी. कर्ज न काढता दत्तक घेणाऱ्या विश्वासी कुटुंबांना एक ख्रिस्ती निधी निम्म्या खर्चाचे अनुदान देतो, असे त्याने सांगितले. अटी दोनच होत्या. अंगावर कर्ज नसल्याचा पुरावा म्हणून सर्व खात्यांचे उतारे द्यायचे, आणि उरलेली निम्मी रक्कम ‘हमी’ म्हणून त्याने सांगितलेल्या खात्यात आधी भरायची. ज्या गोष्टीसाठी इतरांनी आम्हाला हट्टी ठरवले होते, तिचीच येथे कदर होत आहे असे आम्हाला वाटले, आणि आम्ही खातेउतारे आनंदाने पाठवले. आमच्याकडे नेमके किती पैसे आहेत हे त्या दिवसापासून त्याला ठाऊक होते. पुढची प्रत्येक मागणी आमच्या शिल्लक रकमेत जेमतेम बसेल एवढीच का असे, हे कोडे मला फार उशिरा उलगडले.

हमी भरल्यावर आठवड्याभरात त्याने एका चिमुकल्या मुलीचा फोटो पाठवला. आमच्या मुलाने तो आपल्या पलंगाजवळ लावला आणि रोज रात्री तो तिचे नाव घेऊन प्रार्थना करू लागला. त्यानंतर आलेल्या कोणत्याही मागणीला नाही म्हणणे आम्हाला जवळजवळ अशक्य झाले. आधी तिच्या वैद्यकीय तपासण्यांचे पैसे मागितले गेले, मग तिला सांभाळणाऱ्या बाईंचा महिन्याचा खर्च आला, आणि शेवटी कागदपत्रे ‘लवकर पुढे सरकवण्यासाठी’ एक रक्कम मागण्यात आली. तो देश लवकरच परदेशी दत्तक बंद करणार आहे, म्हणून घाई करा, असेही त्याने सांगितले. इथिओपियाने 2018 मध्ये आणि चीनने 2024 मध्ये, नात्यातील दत्तकाचा अपवाद ठेवून, खरोखरच परदेशी दत्तक थांबवले आहे. असे घडते हे ठाऊक असल्यामुळेच त्याचा धाक आम्हाला खरा वाटला.

जी माहिती आम्ही पहिल्याच आठवड्यात मिळवायला हवी होती, ती अशी. आंतरदेशीय दत्तकासाठी 29 मे 1993 चा हेग करार आहे आणि 100 हून अधिक देश त्यात सहभागी आहेत. त्यानुसार आधी दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या पालकांची पात्रता तपासून त्यांचा अहवाल तयार होतो आणि तो मुलाच्या देशातील केंद्रीय प्राधिकरणाकडे, म्हणजे दत्तकाचे काम पाहणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे, जातो. मग तिकडून मुलाचा अहवाल येतो, आणि दोन्ही देशांच्या प्राधिकरणांनी संमती दिल्याशिवाय मूल पालकांच्या हाती सोपवता येत नाही. आमचा अहवाल तेव्हा तयारच झाला नव्हता, तरी मूल ‘ठरले’ होते. शिवाय याच कराराच्या कलम 32 प्रमाणे दत्तकातून कोणालाही गैरवाजवी आर्थिक लाभ घेता येत नाही. प्रत्यक्ष खर्च आणि वाजवी व्यावसायिक शुल्क एवढेच आकारता येते. कागद सरकवण्याचे पैसे यांपैकी कशातही बसत नाहीत. आणि जो देणगी देणार आहे तो आधी आपल्याकडूनच हमी का मागतो, हा प्रश्न विचारायला तर कोणताही कायदा माहीत असण्याची गरज नव्हती.

पैसे संपत आल्यावर त्याने शेवटची मागणी केली. मंडळीकडून बिनव्याजी उसने घ्या, व्याज नसेल तर ते कर्ज ठरत नाही, असे तो म्हणाला. यजमानांनी तिथेच फोन ठेवला. ज्या माणसाने आमच्या कर्ज न काढण्याचे इतके कौतुक केले, तोच आता त्यातून पळवाट काढून देत होता, हे त्यांना खटकले. दुसऱ्या दिवशी आम्ही आपल्या देशाच्या केंद्रीय प्राधिकरणाकडे चौकशी केली, तेव्हा मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत ना त्याचे नाव होते, ना त्याच्या संस्थेचे. पुढे तपासात आणखी एक कुटुंब समोर आले. त्यांच्याकडेही त्याच मुलीचा फोटो होता, केवळ नाव आणि वय वेगळे होते.

प्राधिकरणाकडे चौकशी केली त्याच दिवशी आम्ही पोलिसांत तक्रार केली आणि बँकेलाही कळवले, पण पाठवलेली रक्कम खात्यातून आधीच काढली गेली होती. यात उशीर करू नका, कारण पैसे समोरच्या खात्यात शिल्लक असतील तरच ते थोपवून धरण्याची काही आशा असते. काही आठवड्यांनी ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ असे सांगणारा दुसऱ्याच माणसाचा फोन आला आणि त्यानेही आधी शुल्क मागितले. फसलेल्यांना पुन्हा गाठण्याचा हा सरळ धंदाच आहे.

सर्वांत कठीण होते ते मंडळीला सांगणे, कारण गेलेल्या पैशांत त्यांची देणगीही होती. पाळकसाहेबांनी आम्हाला बोलू दिले, आणि देणाऱ्यांपैकी कोणीही पैसे परत मागितले नाहीत. आता आम्ही पुन्हा बचत करत आहोत, या वेळी एका मान्यताप्राप्त संस्थेमार्फत. संस्थेने खर्चाचे टप्पे आणि त्यांतील कोणती रक्कम परत मिळते, कोणती नाही, हे लेखी दिले आहे, आणि प्रत्येक पावतीची प्रत आम्ही पाळकसाहेबांकडे ठेवतो. तो फोटो मात्र अजून मुलाच्या पलंगाजवळच आहे. ती मुलगी कोण, कुठे आहे, तिचा फोटो कोणी काढला, यातले काहीही आम्हाला कळलेले नाही; तिचे खरे नाव ठाऊक नसल्यामुळे मुलगा आता तिच्यासाठी नाव न घेताच प्रार्थना करतो.