न्यूरोमॅचचा मेंदूविज्ञान कोर्स: कोकणातून करायचा तर आधी आगोट (पावसाळ्याची बेगमी) भरा

मेंदूविज्ञानात पीएचडीकडे जायचं, तर प्राणिशास्त्रातल्या एमएस्सीवाल्याला मॅट्रिक्स अडवतात आणि भौतिकशास्त्रवालीला न्यूरॉन. दोघांनाही एका बाकावर बसवणारं साहित्य हवं असेल, तर न्यूरोमॅच अकॅडमी या ऑनलाइन शाळेचा कम्प्युटेशनल न्यूरोसायन्सचा (गणित आणि कोड वापरून मेंदू समजून घेण्याचा) कोर्स आमच्या मते पहिल्या पसंतीचा. २०२० च्या जुलैत, लॉकडाउनमध्ये तो सुरू झाला. ३ आठवड्यांच्या थेट वर्गाला फी आहे, देशागणिक कमीजास्त. व्हिडिओ आणि नोटबुकं (मजकूर आणि चालवता येणारा कोड एकत्र असलेली पानं) मात्र सगळ्यांना फुकट, आणि हे परीक्षण त्यांचंच.

थेट वर्ग जुलैत भरतो, हीच कोकणासाठी पहिली अडचण. दिवसाला ८ तास ऑनलाइन बसायचं आणि बाहेर पाऊस धरलेला, लाइटचा भरवसा नाही. त्यापेक्षा तीनचार जणांचा गट करून आपल्या गतीनं, आठवड्याला दोन दिवसांचे धडे घ्यावेत. गटात एक तरी गणित-भौतिकीचा हवाच, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात सगळे एकाच खड्ड्यात.

‘शून्यावा आठवडा’ म्हणजे पूर्वतयारी: पायथन, रेषीय बीजगणित, कलन, संख्याशास्त्र. जीवशास्त्रवाल्यांनी याला महिना द्यावा. हा भाग उडवून पुढे गेलेला माणूस डायमेन्शनॅलिटी रिडक्शनच्या (ढीगभर मोजमापं थोड्या आकड्यांत बसवण्याच्या) दिवशी रेषीय बीजगणितातल्या आयगेनव्हेक्टरपाशी अडतो, आणि तिथून मागे यायला जास्त वेळ जातो.

सगळ्यात कसदार धडा दुसऱ्या आठवड्यातला, लीकी इंटिग्रेट-अँड-फायर न्यूरॉनचा. हे न्यूरॉनचं सोपं गणिती मॉडेल: करंटनं व्होल्टेज चढतो, थोडा गळत राहतो, उंबरठा गाठला की स्पाइक (विजेचा ठोका) येतो आणि व्होल्टेज रीसेट होतो. आकडे असे: विश्रांतीचा आणि रीसेटचा व्होल्टेज −७५ मिलिव्होल्ट, उंबरठा −५५, टाइम कॉन्स्टंट १० मिलिसेकंद, लीक कंडक्टन्स १० नॅनोसीमेन्स, रिफ्रॅक्टरी काळ (स्पाइकनंतरची सक्तीची विश्रांती) २ मिलिसेकंद, गणिताची पायरी ०.१ मिलिसेकंद. कोड चालवण्याआधी कागदावर एवढं करा: १० नॅनोसीमेन्स गुणिले २० मिलिव्होल्ट म्हणजे २०० पिकोअँपिअर. स्थिर करंट याच्या वर गेल्याशिवाय स्पाइक येणारच नाही. ३०० दिला तर उंबरठा गाठायला १० × नैसर्गिक लॉग ३, म्हणजे सुमारे ११ मिलिसेकंद, त्यात रिफ्रॅक्टरीचे २. सेकंदाला साधारण ७७ स्पाइक. आलेख वेगळंच सांगत असेल तर कोड चुकलाय. नेहमीची चूक व्होल्टेजच्या समीकरणातल्या कंसाची: उणे चिन्ह (व्होल्टेज वजा विश्रांती) या पूर्ण कंसाला लागायला हवं. कंस सुटला की करंट शून्य असतानाही न्यूरॉन सुटतो, दर साडेतीन मिलिसेकंदांना एक स्पाइक.

प्रोजेक्टसाठी दिलेल्या डेटात स्टाइनमेट्झ या संशोधकाचा संच घ्या. त्यात उंदरांनी डाव्या-उजव्या चित्रांतलं ठळक कोणतं ते निवडायचं, आणि तेव्हा त्यांचे न्यूरॉन नोंदलेत. १० उंदीर, ३९ सत्रं, ४२ मेंदूभाग, सुमारे ३०,००० न्यूरॉन. प्रत्येक ट्रायल १० मिलिसेकंदांच्या २५० खणांत, म्हणजे अडीच सेकंद, आणि चित्र दिसतं ते ५०० मिलिसेकंदांवर, पहिल्या खणात नव्हे. दुसरी मेख चिन्हाची: उजवीकडचं चित्र ठळक असेल तर बरोबर उत्तर −१ असं नोंदलंय. उलटं धरलं की बिचारा उंदीर ठार मूर्ख ठरतो.

आता आगोटीचं. नोटबुकं चालवायची गुगलची सोय, कोलॅब, इंटरनेटशिवाय चालत नाही, आणि बराच वेळ हात लावला नाही तर सत्र तुटून तिथे साठवलेल्या फाइली जातात. म्हणून मे संपायच्या आत व्हिडिओ (कमी रिझोल्यूशनचे पुरतात, फळ्यावरचं वाचता येतं), नोटबुकं आणि डेटा लॅपटॉपवर उतरवा. ज्युपिटर, नमपाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब, आयपायविजेट्स ही पायथनची साधनं आधीच टाकून ठेवा. तरीही ऑफलाइन चालवताना तीन ठिकाणी अडेल. सुरुवातीच्या सेलमधली (सेल म्हणजे नोटबुकातला कोडचा एक खण) अभिप्राय गोळा करणारी पॅकेजेस पिपनं, म्हणजे पायथनच्या पॅकेज उतरवणाऱ्या साधनानं, येणार नाहीत. ती ओळ काढलीत तर खाली प्रत्येक व्हिडिओनंतर त्यांना बोलावणाऱ्या ओळीही काढाव्या लागतात, नाहीतर ‘नेम एरर’. आलेखांची स्टाइल फाइल गिटहब या कोड साठवणाऱ्या संकेतस्थळावरून येते, ती ओळही काढा. आलेख साधे दिसतील, चुकणार नाहीत. आणि डेटा उतरवणाऱ्या ओळी काढून फाइल वाचणाऱ्या ओळीत आपल्या फोल्डरचा पत्ता घाला.

उत्तरं एका क्लिकवर आहेत, हा गुण की दोष यावर गटात भांडण होईल. अर्धा तास झगडल्याशिवाय क्लिक नाही, हा नियम पाळणाऱ्यांनाच कोर्स लागू पडतो.

कमतरता एकच, पण मोठी: ओली प्रयोगशाळा नाही. इलेक्ट्रोड कसा बसवायचा, सिग्नलमधली ५० हर्ट्झची घरघर कशी काढायची, प्राण्यांवरील प्रयोगांची परवानगी कशी घ्यायची, यातलं काही हाताला लागत नाही. ते शिकायला एखादा उन्हाळा बेंगळुरूला किंवा पुण्याला कुणाच्या तरी प्रयोगशाळेत काढावा लागेल. तिथे अर्ज करताना कोर्सचं नाव लिहिण्यापेक्षा स्टाइनमेट्झ डेटावर स्वतः केलेलं नोटबुक जोडा, पहिल्या सेलपासून शेवटच्यापर्यंत एका दमात चालणारं.