बदकांना लेअर पेलेट: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

कुडाळजवळ घरामागच्या परड्यात आमची सात बदकं आहेत. खाकी कॅम्पबेल या अंड्यांच्या जातीच्या पाच माद्या, एक नर, आणि एक गावठी म्हातारी. मिरगाच्या सुमारास त्यांना कोंबड्यांच्या लेअर मॅशवरून (लेअर म्हणजे अंड्यावरच्या पक्ष्यांचं खाद्य) लेअर पेलेटवर, म्हणजे तसल्याच खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर आणलं, आता आंबे संपत आलेत. कंपनीचं नाव देत नाही, कारण तालुक्याच्या दुकानात येईल ती गोण घ्यावी लागते.

आधी नखऱ्यांचं. मॅश घातला की चार चोची मारून बदकं निघून जायची, म्हणून घरात सगळे म्हणायचे, ह्यांना खाणं आवडत नाही. मला ते पटत नव्हतं. मॅश म्हणजे भरडा. कोंबडी टोकदार चोचीने त्यातला मक्याचा कण वेचून खाते. बदकाची चोच चपटी, तिला भरडा चिकटून बसतो, त्याचा लगदा होतो आणि घशाखाली उतरत नाही. मग ते पाण्याकडे धावतं, चोच खळबळून धुतं, परत येतं. संध्याकाळी घमेल्याच्या तळाशी बोटभर गाळ. पैसे अक्षरशः पाण्यात.

पेलेट त्यांना सरळ उचलता येतात. तरी एकदम बदल केला नाही. आठवडाभर मॅशमध्ये मिसळून पेलेटचं प्रमाण वाढवत नेलं. कॅम्पबेल लगेच रुळल्या. म्हातारी मात्र तांदळाच्या कणीवर वाढलेली, गोळीकडे मान वाकडी करून बघायची आणि चालायला लागायची. तिच्यासाठी पेलेट कोमट पेजेत भिजवून वर चिमूटभर कणी टाकली. कणी कमी करत गेले, आता ती कोरडं खाते. भिजवलेलं खाद्य दुपारपर्यंत उचलावंच लागतं, आपल्या हवेत ते लगेच आंबतं.

पाणी खाद्याजवळच हवं, पण अगदी खेटून नको. आणि भांडं एवढं खोल की नाकपुड्या बुडाल्या पाहिजेत. कोंबड्यांचं उथळ भांडं ठेवलंत तर पेलेटही आवडेनासे होतील.

जुलै-ऑगस्टमध्ये खाद्य निम्म्यावर आलं तेव्हा गोण खराब निघाली अशी शंका आली. तसं काही नव्हतं. दिवसभर गोगलगाई आणि गांडुळं खाऊन पोटं भरलेली असायची. नुसत्या खाद्यावर ठेवलं तर मादीला दिवसाला साधारण १२५ ते १५० ग्रॅम लागतं, चरायला मोकळी असतील तर हा आकडा डोक्यातून काढून टाका. (शेजाऱ्यांच्या तरव्यात शिरू देऊ नका, एवढंच.)

खरी काळजी बुरशीची. मका आणि शेंगदाणा पेंडीवर दमटपणात बुरशी धरते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, आणि ते पचवण्यात बदक कोंबडीपेक्षा फारच दुबळं. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पटापट मेल्या, बदकांची पिल्लंही मेली, तेव्हा बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीवरूनच या विषाचा शोध लागला. म्हणून पावसात पन्नास किलोची गोण स्वस्त पडते म्हणून घेऊ नये. मी थोडं थोडं आणते, झाकणाच्या पिंपात ठेवते, पिंप फळीवर. कुबट वास आला की सरळ खड्ड्यात. तसलं खाद्य बदकांनी नाकारलं तर तो नखरा समजू नका.

लेअर खाद्यात प्रथिनं १६ ते १८ टक्के आणि कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. अंड्यावरच्या मादीला ठीक, नराला एवढ्या कॅल्शियमची गरज नाही. आमचा नर त्यातच खातो, वेगळं खाद्य एका नरासाठी परवडत नाही. पिल्लांना मात्र हे बिलकूल नको. त्यांना स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य लागतं, आणि कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त नायसिन (एक ब जीवनसत्त्व). ते कमी पडलं की पाय वाकतात. ब्रुअर्स यीस्ट मिसळून द्यावं.

अझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या शेवाळासारख्या वनस्पतीचं कौतुक बरंच ऐकलं होतं. ताडपत्रीच्या वाफ्यात वाढवला, थाळीत घातला, कुणी ढुंकून पाहिलं नाही. तोच त्यांच्या डुंबायच्या टाकीत सोडला तर भांडून संपवला. वाळवलेल्या अझोलात प्रथिनं २० टक्क्यांच्या वर असतात हे खरं, पण ताज्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच, त्यामुळे खाद्याची बचत मला तरी फारशी दिसली नाही. एप्रिलच्या उन्हात सावली नसेल तर तो करपतो. हिरवा चारा म्हणून चांगला. मासळीची डोकी आवडीने खातात, पण अंड्यांना वास येतो. खारवलेली सुकी मासळी नको, पाव तर नकोच.

पेलेट मॅशपेक्षा किलोमागे चार-पाच रुपये महाग पडले. वाया जाणं थांबल्यामुळे मला ते स्वस्तच वाटतात. कवच आधी पातळ यायचं ते आता घट्ट आहे, पण त्यात वेगळ्या वाटीत ठेवलेल्या शिंपल्यांच्या चुऱ्याचाही हात असणार. उरली तक्रार घुशींची: रात्री भांड्यात चार दाणे राहिले तरी त्या खुराड्याखालून पोखरत येतात, म्हणून अंधार पडायच्या आत भांडं उचलून घरात.