पशुपती मुद्रेची रेझिन प्रतिकृती: ठसा झकास, माहितीपत्रक कच्चं

मोहेंजोदडोची मूळ मुद्रा (ठसा उमटवायचा शिक्का) संगजिऱ्याची, म्हणजे मऊ दगडाची, बाजू जेमतेम ३.५ सेंमी. प्रतिकृतीचं मापही तेच, हे उत्तम. आसनावर बसलेल्या आकृतीचा शिंगांचा मुकुट, हातभर बांगड्या, भोवतीचे हत्ती, वाघ, गेंडा, रेडा स्वच्छ उमटतात. आसनाखालची हरणं मात्र पुसट, कारण ओतताना तिथे बुडबुडे राहिलेत. ठशासाठी माती कणकेइतकी घट्ट आणि थर १ सेंमी हवा. सैल माती रेषांत अडकते. आधी तेलाचं बोट फिरवा. हडप्पा मुद्रांना सहसा असणारी, दोरी ओवायची भोकाची मूठ इथे नाहीच, पाठ सपाट! माहितीपत्रक बसलेल्या आकृतीला 'हा शिवच' म्हणून मोकळं होतं. ते पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांचं १९३१चं अनुमान. मुद्रेवरची लिपी अजून सर्वमान्यपणे वाचली गेलेली नाही.